नोकरी सोडताना ४०१(के) मोडताय? या चुका टाळा

अमेरिकेत नोकरी बदलताना किंवा कायमचे भारतात परतताना अनेक मराठी कुटुंबे बँकेतील मुदत ठेव मोडावी तसे ४०१(के), म्हणजे नोकरीतून मिळणारे निवृत्ती-बचतीचे खाते, मोडतात. मुदत ठेव मोडल्यास व्याज थोडे कमी मिळते. येथे मात्र वयाची साडेएकोणसाठ वर्षे पूर्ण होण्याआधी पैसे काढल्यास पारंपरिक (म्हणजे करआधीचे पैसे साठवलेल्या) खात्यातील संपूर्ण रक्कम त्या वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते आणि, सवलतीत बसत नसल्यास, तिच्यावर १० टक्के अतिरिक्त कर, म्हणजेच दंड, लागतो.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे पैसे देताना कंपनीच्या ४०१(के) योजनेने (प्लॅनने) करापोटी कापून घेतलेले २० टक्के हाच अंतिम कर मानणे. तो केवळ आगाऊ भरणा असतो. समजा, ५०,००० डॉलर काढले आणि १०,००० कापून ४०,००० हातात आले. ही सारी रक्कम २२ टक्क्यांच्या टप्प्यात बसली, तर कर ११,००० आणि दंड ५,००० असे एकूण १६,००० डॉलर होतात. म्हणजे विवरणपत्र भरताना आणखी ६,००० उभे करावे लागतात, आणि तोवर ते ४०,००० बहुधा घराच्या किंवा गाडीच्या व्यवहारात गेलेले असतात. राज्याचा कर निराळाच. कॅलिफोर्निया तर स्वतःचा अडीच टक्के दंडही लावते.

रोलओव्हर (म्हणजे पैसे दुसऱ्या निवृत्ती खात्यात हलवणे) करायचे ठरवूनही चेक स्वतःच्या नावाने घेणे ही दुसरी चूक. असा चेक मिळाल्यापासून ६० दिवसांत पैसे नव्या खात्यात भरता येतात, परंतु वरच्या उदाहरणात हातातले ४०,०००च भरले, तर कापलेले १०,००० ‘काढलेले’ ठरून त्यांच्यावर कर आणि दंड दोन्ही लागतात. चूक होऊन गेली असल्यास मुदतीच्या आत खिशातून १०,००० घालून पूर्ण ५०,००० भरावेत. कापलेली रक्कम त्या वर्षाच्या विवरणपत्रात जमा धरली जाते. मुळात थेट रोलओव्हर मागावा. त्यात चेक नव्या संस्थेच्या नावाने निघतो, आपले नाव ‘एफबीओ’ (म्हणजे ‘यांच्या लाभासाठी’) या अक्षरांपुढे येते आणि काहीही कापले जात नाही. तो टपालाने आपल्या घरी आला तरी घाबरण्याचे कारण नाही.

सवलतींच्या बाबतीत खाते कोणते, हे आधी पाहावे. पहिल्या घरासाठी १०,००० डॉलरपर्यंत किंवा उच्च शिक्षणासाठी मिळणारी दंडमाफी आयआरएला (व्यक्तीने स्वतः उघडलेल्या निवृत्ती खात्याला) आहे, ४०१(के)ला नाही. उलट, ज्या वर्षी ५५ पूर्ण होतात त्या वर्षी किंवा त्यानंतर नोकरी सोडल्यास त्याच कंपनीच्या ४०१(के)मधून दंडाशिवाय पैसे काढता येतात. तेच पैसे घाईने आयआरएत हलवले की ही सोय जाते. दोन्हींकडे माफ होतो तो दंड, आयकर नव्हे. प्लॅनने ‘हार्डशिप’ (आर्थिक अडचण) म्हणून पैसे दिले, एवढ्यानेही दंड आपोआप टळत नाही.

सवलत लागू असूनही दंडाची नोटीस आली, तर काढलेल्या पैशांची नोंद असलेल्या १०९९-आर फॉर्मचा सातवा रकाना पाहावा. तेथे १ हा संकेतांक असेल, तर प्लॅनच्या नोंदीत आपली सवलत नाही असा त्याचा अर्थ होतो; अशा वेळी ५३२९ क्रमांकाच्या फॉर्मवर सवलतीचा योग्य संकेतांक नोंदवून दुरुस्ती करता येते.

भारतात परतणाऱ्यांना खाते बंद करण्याचे कायदेशीर बंधन नाही आणि देश सोडल्याने दंडही सुटत नाही. अनिवासी परकीय नागरिकांच्या रकमेतून तर सर्वसाधारणपणे ३० टक्के कापले जातात. मात्र खात्यात ७,००० डॉलर किंवा त्याहून कमी असतील, तर जुना प्लॅन ते आपल्या संमतीशिवाय बाहेर काढू शकतो, आणि १,०००पर्यंतच्या रकमेचा थेट चेकच निघू शकतो. तो न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या रिकाम्या अपार्टमेंटच्या पत्रपेटीत पडू नये यासाठी निघण्यापूर्वी प्लॅनकडे पुण्याचा पत्ता आणि भारतात चालणारा ई-मेल नोंदवून ठेवावा.