बहिणीने लेकीला घराबाहेर काढलं तर मावशीने काय करायचं

माझी भाची २३ वर्षांची, तिला मुली आवडतात हे घरी कळलं त्या रात्री साडेदहाला ती एक सॅक घेऊन माझ्या दारात उभी. ताई आणि दाजी दोघंही माळकरी, वारी कधी चुकली नाही, आणि दाजींचं एकच, "माळ घातलेल्या घरात हे चालायचं नाही."

अशी वेळ तुमच्यावर आली तर पहिल्या रात्री काहीही विचारू नका. मी विचारलं, "नक्की का गं?" आणि पोरीने समोरचं ताट सारलं ते सकाळपर्यंत काही खाल्लं नाही. वरणभात वाढा, अंथरूण घाला, बस्स.

दुसऱ्या दिवशी तिला विचारून (तिला विचारूनच!) घरी एवढंच कळवा की ती सुखरूप आहे. तरी कुणी हरवल्याची तक्रार दिलीच तर घाबरायचं नाही, १८ पूर्ण असलेली मुलगी स्वतः पोलिसांना जबाब देऊ शकते की मी माझ्या मर्जीने बाहेर राहतेय, फक्त तिला एकटीला पाठवू नका, सोबत जा, वकील मिळाला तर उत्तमच.

मग कागदपत्रं. आधार, पॅन, दहावी-बारावीच्या मार्कशीट, पासबुक. आमच्याकडे घोळ वेगळाच होता, तिच्या पगाराच्या खात्याचा ओटीपी दाजींच्या मोबाईलवर जायचा, म्हणजे स्वतःचेच पैसे आणि काढता येईनात, बँकेत जाऊन फॉर्म भरून नंबर बदलला तेव्हा कुठे तिचा चेहरा जरा सैल झाला. हे काम आधी करा.

घरचे "डॉक्टरला दाखवू, बरी होईल" म्हणतील. हा आजारच नाही, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच यादीतून काढलाय, आणि असं "बरं करण्याचे" उपचार म्हणजे डॉक्टरचं गैरवर्तन असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ ला सांगितलंय. गुन्हा तर ६ सप्टेंबर २०१८ पासून नाहीच. लग्नाला मात्र कायद्याची मान्यता नाही, सुप्रीम कोर्टाने २०२३ ला नाकारली, ते पोरीपासून लपवू नका.

धर्मावरून वाद घालू नका हे मी ठेच लागून सांगतेय. मी चोखोबांचं काढलं, ज्यांना देवळात येऊ दिलं नाही त्यांचीच समाधी आज महाद्वारापाशी आहे म्हटलं, पण दाजींचं आयुष्य कीर्तन ऐकण्यात गेलंय, माझ्या एका मुद्द्याला त्यांच्याकडे दहा उत्तरं, आणि शेवटी माझ्याशीही बोलणं बंद. त्यापेक्षा अशाच दुसऱ्या आईबापांशी गाठ घालून द्या, मुंबईत 'स्वीकार' नावाचा पालकांचाच ग्रुप आहे, समलिंगी लोकांसाठी काम करणारा १९९४ पासूनचा हमसफर ट्रस्ट आहे. पोरगी रात्र रात्र जागत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि घाईने समेट घडवू नका, "घरी चल, सगळे विसरलेत" म्हणत नेऊन तिथे मुलगा बघायला बसवला असेल तर तिचा तुमच्यावरचा विश्वासही जाईल.

पाचव्या महिन्यात एकादशीला ताईचा फोन आला. "जेवली का ती?" म्हणाली, मी म्हटलं, "हो, साबुदाण्याची खिचडी," आणि तिने ठेवला. मी भाचीला तेवढंच सांगितलं, वर एक शब्द जोडला नाही.