काळी दिसली म्हणून ट्रॉली घेऊ नका, आधी ग्लासात टाकून बघा

मंडळी, मे निम्मा सरला, तळी आटली आणि गाळाच्या ट्रॉल्या धावायला लागल्यात. भरून देणारा म्हणतो एक नंबर काळी माती आहे दादा, आणि आपण रंग बघून हो म्हणतो. मी पण 3 वर्षांमागं मुरमाड तुकड्यावर असाच गाळ पसरला, पाऊस उघडल्यावर वर पांढरी खपली धरली आणि तूर पिवळी पडून बसली. चूक माझीच, तपासलंच नव्हतं.

काळा रंग म्हणजे कस नव्हे. आपल्या काळ्या रानात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या शेणा-पालापाचोळ्यातून मातीत येणारा कस) बऱ्याचदा अर्ध्या टक्क्याच्या आतच निघतो.

घरी एक करा. लिंबाएवढी वाळलेली ढेकळं घ्या, एक बांधावरच्या गवताखालचं, एक रानातलं, एक गाळाचं, आणि काचेच्या ग्लासात पावसाचं नाहीतर फिल्टरचं पाणी घेऊन अलगद सोडा, अजिबात हलवू नका. बांधावरचं ढेकूळ बराच वेळ तसंच बसून राहतं, नांगरून नांगरून थकलेल्या रानातलं मात्र बघता बघता फुटून तळाला भुगा होतं. भुगा झाला पण पाणी नितळ, तर कर्ब कमी समजा, शेणखत आणि ताग-धैंच्याचं हिरवळीचं खत लागणार. ढेकळाभोवती दुधासारखं धुकं पसरलं आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच, तर चोपणाचा (सोडियम वाढून बिघडलेल्या मातीचा) संशय घ्या. पण खारी माती इथं फसवते, खार जास्त असला की पाणी नितळच दिसतं (माझा गाळ तसलाच असणार), म्हणून लॅबमध्ये तपासून घ्यावंच लागतं.

नमुना आत्ताच काढा, खत पडायच्या आधी. नागमोडी चालत 10-12 ठिकाणी व्ही आकाराचा वीतभर खड्डा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडायची, सगळी मिसळून चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. उकिरडा, बांध, झाडाखालची जागा सोडा. आणि युरियाच्या रिकाम्या गोणीवर वाळत घालू नका राव, मग रिपोर्ट गोणीचाच येतो!

रिपोर्टमध्ये कर्ब 0.40 टक्क्यांपर्यंत कमी, 0.60 पर्यंत मध्यम, 0.80 च्या वर असेल तर तुम्ही नशीबवान. सामू (पीएच) 6.5 ते 7.5 बेस्ट, 8.5 च्या वर गेला की जिप्समचं विचारा, डोस मनानं नको. ईसी (मातीतल्या खाराचं माप) 1 च्या आत हवा. चुनखडी 10 टक्क्यांच्या वर असेल तर मोसंबी-संत्र्याचा विचार सोडा.

रान लेव्हल करणार असाल तर जेसीबीवाल्याला आधीच सांगा, वरची वीतभर माती बाजूला ओढून ढीग कर, खालचा मुरूम सपाट कर, मग तीच माती परत वर पसर. तो कुरकुर करेल, तास वाढतील, बिल पण वाढेल. द्या.