क्रेडेन्झा शिकायची असेल तर आधी तिची पाठ बघा

पहिल्याच दिवशी मास्तरांनी एक लांबलचक क्रेडेन्झा, म्हणजे भांडी ठेवायचं इटालियन कपाट, भिंतीपासून ओढली, तिची पाठ माझ्याकडे केली आणि म्हणाले, अर्धा तास बघ, मग बोलू. मी पुण्यात इंटेरियर डिझाइन करून मिलानला मास्टर्सला आले होते, तोपर्यंत समोरून काढलेले गुळगुळीत फोटो बघूनच या जुन्या इटालियन फर्निचरच्या प्रेमात पडले होते, आणि इथे समोर काय तर एक पातळ प्लाय, काळे पडलेले स्क्रू आणि पेन्सिलने लिहिलेला एक आकडा. पुढे दीड वर्ष मी मिलानच्या उत्तरेला कांतू गावाजवळच्या त्या छोट्या वर्कशॉपमध्ये काम केलं. आता नवीन येणारी मुलं विचारतात की नेमकं बघायचं काय, म्हणून हे लिहितेय.

आधी शब्दाचं सांगते कारण मला तो फार आवडतो. इटालियनमध्ये क्रेदेरे म्हणजे विश्वास ठेवणं, आणि क्रेडेन्झा म्हणजे मुळात विश्वास. पूर्वी सरदार-उमरावांच्या घरी जेवण वाढायच्या आधी बाजूच्या टेबलावर कोणीतरी चाखून बघायचं, विष नाही ना याची खात्री करायला, आणि तेच नाव पुढे त्या टेबलाला आणि मग भांडी ठेवायच्या कपाटाला चिकटलं. आजही इथल्या आज्यांच्या स्वयंपाकघरात क्रेडेन्झा असते, आपल्याकडच्या फडताळासारखी, बशा, ग्लास, बिस्किटांचा डबा सगळं तिच्यात.

मी ज्या काळाबद्दल बोलतेय तो साधारण 1950 ते 1970. मिलानच्या उत्तरेला ब्रियान्झा नावाचा पट्टा आहे, कांतू, लिस्सोने, मेदा ही सगळी गावं सुतारांची. कांतूमध्ये 1955 पासून सेलेत्तिवा नावाची स्पर्धा सुरू झाली, त्यात डिझायनरने ड्रॉइंग द्यायचं आणि गावातल्या कारागिरांनी ते बनवायचं. हे लक्षात ठेवा, कारण प्रसिद्ध नाव असतं आर्किटेक्टचं, पण सांधे, व्हिनिअर म्हणजे वरून चिकटवलेला चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा, पितळ हे सगळं एखाद्या गल्लीतल्या माणसाच्या हाताचं असतं आणि बहुतेक वेळा त्याचं नाव कुठेच नसतं. मला त्याचं वाईट वाटतं, अजूनही वाटतं.

आता समोरची बाजू. दारांवरचं व्हिनिअर बघा, एकाच ओंडक्याचे लागोपाठचे दोन पापुद्रे पुस्तक उघडल्यासारखे शेजारी शेजारी लावलेले असतात, त्याला इथे माक्किया आपेर्ता म्हणतात. चांगल्या कामात ही नक्षी एका दारावरून दुसऱ्या दारावर आणि मधल्या खणांवरूनसुद्धा न तुटता जाते, म्हणजे कापायच्या आधीच सगळा दर्शनी भाग कोणीतरी डोक्यात मांडलेला होता. मग वरच्या फळीची कड बघा, खाली वाकून बघा, कारण बऱ्याचदा ती खालच्या अंगाने तिरकी तासलेली असते, त्यामुळे जाड फळी समोरून पातळ दिसते आणि एवढं मोठं कपाट हलकं वाटतं. पायसुद्धा खाली निमुळते होत जातात आणि टोकाला पितळी टोपी, पुंताले. मला ती फक्त शोभेची वाटायची, मास्तर म्हणाले रोज ओल्या फडक्याने फरशी पुसतात, लाकडाचं टोक पाणी पितं, ते वाचवायला आहे. कित्येक क्रेडेन्झांना मूठच नसते, दाराची कड आतून कोरलेली असते किंवा किल्लीच मुठीचं काम करते.

लाकडांमध्ये अक्रोड आहे, महोगनी आहे, पण साठच्या दशकात सगळ्यात जास्त दिसतं ते पालिस्सांद्रो, म्हणजे आपलं शिसवाचं कूळ. ब्राझीलचं ते दाल्बेर्जिया निग्रा, भारतातलं दाल्बेर्जिया लातिफोलिया, आपल्या सह्याद्रीतलं. एकदा जुन्या पॅनेलचा तुकडा घासत होते आणि तो वास आला, माझ्या आजोळच्या शिसवी पलंगाचा. त्या दिवशी काम थांबवून मी घरी फोन केला. कामाचं म्हणजे ब्राझीलच्या शिसवाच्या व्यापारावर 1992 पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, त्यामुळे असं फर्निचर देशाबाहेर न्यायला कागदपत्रं लागतात, ग्राहकाला हे आधीच सांगा.

मग दार उघडा. उघडण्याआधी विचारा, पोस्सो आप्रीरे, म्हणजे उघडू का, एवढं इटालियन आलं की दुकानदार खुश होतात. बाहेर गडद शिसव असेल तर आत अनेकदा मेपलसारखं फिकट लाकूड असतं, काचेची भांडी त्यात उठून दिसतात. बारचा कप्पा असेल तर आरसा, काचेच्या फळ्या, आणि झाकण पुढे पाडलं की आपोआप लागणारा दिवा. खण पूर्ण बाहेर काढा आणि सांधे बघा. खणाच्या कोपऱ्यात शेपटीच्या आकाराचे दाते एकमेकांत अडकवतात त्या सांध्याला, डोव्हटेलला, इथे पाकोळीची शेपटी म्हणतात, हाताने कापलेल्या शेपट्या थोड्या कमीजास्त रुंद असतात, मशीनच्या अगदी सारख्या. पण मशीनचं म्हणजे वाईट असं धरू नका, त्या काळात चांगल्या वर्कशॉपमध्येही मशीन होतीच. खणाच्या तळाला पेन्सिलचे आकडे सापडतात, कुठला खण कुठे बसतो त्याचे. सगळे आकडे जुळले तर समजा खण मूळचे आहेत.

माझी चूक सांगते. एका ओळखीच्या बाईंना बाजारात एक क्रेडेन्झा घ्यायची होती, तिरके पाय आणि कोरलेल्या कडा बघून मी ठामपणे सांगितलं की हे इको पारिसी या प्रसिद्ध डिझायनरचं काम आहे. त्यांनी चांगले पैसे मोजले. नंतर पाठ काढली तर पातळ हार्डबोर्ड स्टेपल मारून लावलेला, पायांच्या वरच्या टोकाला नवीन भोकं, पाय दुसऱ्याच कुठल्यातरी फर्निचरचे. त्यांना मी सगळं खरं सांगितलं, ते सांगणं खूप जड गेलं. तेव्हापासून मी पाय बघून नाव घेत नाही. पोंती, पारिसी, बुफ्फा, बोर्सानी ही त्या काळच्या डिझायनरांची नावं बाजारात फार सहज लावली जातात. आत्त्रिब्युइतो आ, म्हणजे अमक्याचं मानलं जातं, असं लिहिलं असेल तर ते कोणाचं तरी मत आहे, पुरावा नाही. ड्रॉइंग, लेबल, जुनं बिल किंवा त्या काळच्या दोमुस या डिझाइनच्या मासिकातला फोटो असं काहीतरी मागा. दोमुस 1928 साली पोंतींनीच सुरू केलं, त्याचे जुने अंक लायब्ररीत बसून चाळा, कोर्समध्ये मी जेवढं शिकले त्याहून जास्त तिथे शिकले.

आणि सगळं शिसव आणि पितळच असतं असं नाही. डिझायनर सोत्सास यांची 1981 ची कासाब्लांका नावाची क्रेडेन्झा बघा, मेम्फिस या डिझायनरांच्या गटाच्या पहिल्या प्रदर्शनातली, तिरके हात पसरलेली, ठिपक्याठिपक्यांच्या लॅमिनेटने मढवलेली. आपल्या भाषेत सांगायचं तर सनमायका. बारच्या काउंटरला लावायचं मटेरियल त्यांनी थेट दिवाणखान्यात आणलं. मला सुरुवातीला ती अजिबात आवडली नव्हती, पण समोर उभी राहिले तेव्हा कळलं की व्हिनिअरवाले कारागीर कडा जशा जुळवतात तशाच इथे जुळवल्यात.

बाकी व्यवहाराचं थोडक्यात. इटलीत आल्यावर आठ कामाच्या दिवसांत पेर्मेस्सोचा, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचा, अर्ज करा. इथे येण्याआधीच भाषा शिका, कारण वर्कशॉपमध्ये इंग्रजी जवळजवळ कोणी बोलत नाही. ऑगस्टमध्ये सगळं बंद असतं तेव्हा कामासाठी मेल करू नका. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मिलानच्या नाविल्यो ग्रांदेवर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तिथे सकाळी लवकर जा, पिशवीत टेप, छोटा टॉर्च, आरसा आणि लोहचुंबक ठेवा. टॉर्च फळीला आडवा धरला की नवीन पॉलिशचे डाग आणि उचललेलं व्हिनिअर दिसतं, पितळाला चुंबक चिकटत नाही पण मुलामा दिलेल्या लोखंडाला चिकटतो, आणि आरसा कपाटाखाली सरकवला की वाकावंही लागत नाही. दुकानदार घाईत नसेल तर त्याला म्हणा, जरा भिंतीपासून ओढाल का.