नवजात बाळाच्या अंगातील चरबी एमआरआयवर मोजताना

कोल्हापुरातील एका स्कॅन सेंटरमध्ये रुग्णांचे काम आटोपल्यावर, म्हणजे रात्री साडेनऊच्या पुढे, मी एका संशोधन प्रकल्पासाठी नवजात बाळांचे एमआरआय काढत असे आणि दिवसा त्या प्रतिमांवरून बाळांच्या अंगातील चरबी मोजत असे. हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी हा अनुभव लिहीत आहे. डिक्सन पद्धत (एमआरआयमध्ये पाण्याचा आणि चरबीचा संकेत वेगळा करण्याची रीत) काय आहे, १.५ टेस्लाच्या यंत्रात पाण्याच्या आणि चरबीच्या प्रोटॉनांच्या वारंवारतेत सुमारे २२० हर्ट्झचा फरक का पडतो, हे आपल्याला ठाऊक आहे असे मी धरून चालते. मला सांगायची आहे ती गोष्ट एकच आहे आणि ती समजायला मला सात महिने लागले: मोठ्या माणसाच्या चरबीसाठी ठरवलेली मर्यादा बाळाला लावू नका.

हा विषय आपल्या मुलखाचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवून दिले की पुणे परिसरातील खेड्यांतली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची असली, तरी आपल्या बाळांच्या पाठीवरील त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. पुढे २००९ मध्ये लंडन आणि पुणे येथील बाळांचे एमआरआय ताडून पाहिले गेले. तेव्हा संपूर्ण शरीरातील मेदऊती (चरबी साठवणाऱ्या ऊती) दोन्हीकडे जवळपास सारख्या निघाल्या, पण पोटाच्या भागातील मेदऊती आपल्या बाळांत अधिक होत्या. चरबी एकूण किती, एवढाच प्रश्न असता तर हवेच्या विस्थापनावर चालणारी पेटी पुरली असती. ती कुठे साठली आहे हे मात्र प्रतिमेवरच दिसते. म्हणूनच प्रतिमेतली चूक इथे इतकी महागात पडते.

आता त्या चुकीविषयी. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नियम असा होता की ज्या व्हॉक्सेलमध्ये (प्रतिमेच्या सर्वांत लहान घनाकार तुकड्यात) चरबीचा अंश ५० टक्क्यांहून अधिक असेल तो ‘चरबी’ म्हणून मोजायचा आणि बाकीचे सोडून द्यायचे. प्रौढ माणसाच्या त्वचेखालील जाड थरात हे चालून जाते, कारण तिथे मेदऊतीत पाणी फार थोडे असते. बाळाच्या मेदपेशी मात्र अजून पूर्ण भरलेल्या नसतात आणि त्यांच्या मेदऊतीत पाण्याचे प्रमाण बरेच जास्त असते. शिवाय खांद्यांच्या पात्यांमध्ये, मानेत आणि मूत्रपिंडांभोवती तपकिरी मेद असतो. त्याच्या पेशींत चरबीचे बारीक थेंब, भरपूर मायटोकॉन्ड्रिया आणि भोवती रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असल्यामुळे त्याचा अंश आणखी खाली उतरतो. तिसरे कारण साध्या भूमितीचे आहे आणि मला सर्वांत उशिरा उमजले ते हेच. दोन बाय दोन बाय पाच मिलिमीटरचा एक व्हॉक्सेल घ्या, म्हणजे वीस घन मिलिमीटर. त्याच्या अर्ध्या भागात ७० टक्के चरबी असलेली मेदऊती आहे आणि उरलेल्या अर्ध्यात स्नायू. सरासरी ३५ टक्के येते आणि सॉफ्टवेअर म्हणते, इथे चरबी नाही. प्रत्यक्षात तिथे सात घन मिलिमीटर चरबी असते. एका व्हॉक्सेलने काही बिघडत नाही, पण बाळाच्या त्वचेखालचा थर मुळातच काही मिलिमीटरांचा असल्याने त्याचा बराचसा भाग असल्या काठावरच्या व्हॉक्सेलांत पडतो. थर जितका पातळ, तितके नुकसान मोठे. म्हणजे ही चूक सगळ्या बाळांना सारखी लागत नाही; बारीक बाळ तिच्यामुळे आणखी बारीक दिसते, आणि कमी वजनाच्या बाळांची इतरांशी तुलना करायला बसलेल्या माणसाची तुलनाच मुळापासून वाकडी होते.

मला हे कळले ते सुमारे २.४ किलोच्या एका मुलीच्या प्रतिमेवर. खांद्याच्या पातळीवरच्या छेदात दोन्ही पात्यांच्या मध्ये करड्या रंगाचा एक त्रिकोण दिसत होता आणि मोजणीच्या नकाशात नेमका तोच भाग काळा होता. त्यावर कर्सर ठेवत गेले, चरबीचा अंश दिसत गेला: ३८, ४१, ३६ टक्के. मी तेव्हाच्या मार्गदर्शकांना ते दाखवले. कल तोच राहील, आता थांबू नका, लेखन सुरू करा, असे त्यांनी सांगितले आणि मी ते ऐकून आणखी तीन आठवडे त्याच आकड्यांवर लिहीत राहिले, याची खंत मला आजही आहे. मार्गदर्शक निवडताना त्यांचे किती शोधनिबंध प्रसिद्ध झाले हे पाहण्याआधी ते तुमच्या शेजारी खुर्ची ओढून एक तरी छेद स्वतः पाहतात का, हे पाहा, असे माझे ठाम मत आहे.

उपाय अवघड नाही. मेदऊतीची हद्द शरीररचनेच्या आधाराने, हाताने किंवा बरीच खालची मर्यादा ठेवून, आखा. त्या हद्दीतल्या प्रत्येक व्हॉक्सेलचे आकारमान त्याच्या चरबीच्या अंशाने गुणून बेरीज करा आणि त्या बेरजेला दर मिलिलिटरला ०.९ ग्रॅम या घनतेने गुणा. हे चरबीचे वस्तुमान झाले. मेदऊतीचे आकारमान हा वेगळा आकडा आहे, तो वेगळाच लिहा. तपकिरी मेदाचे भागही स्वतंत्र ठेवा. स्कॅनचा फ्लिप कोन (रेडिओ लहरींनी प्रोटॉन किती कलवायचे तो कोन) लहान ठेवा, नाहीतर चरबीचा टी-१ (प्रोटॉन पूर्वस्थितीला येण्याचा काळ) कमी असल्याने तिचा अंश फुगून येतो. सॉफ्टवेअरकडून पाणी आणि चरबी यांची अदलाबदल झाली आहे का, म्हणजे पाण्याला चरबी किंवा चरबीला पाणी ठरवले गेले आहे का, हे हातापायांच्या टोकांशी आणि फुप्फुसांच्या काठावर डोळ्यांनी तपासा. सगळे आपोआप आखून देणारी साधने वाईट नाहीत, पण ती प्रौढांच्या प्रतिमांवर शिकलेली असतील तर त्यांनी आखलेली बाळाची हद्द मी पुन्हा पाहिल्याशिवाय वापरत नाही. दोन आठवड्यांनी तेच छेद, आधीचे आकडे न पाहता, पुन्हा आखून दोन्ही वेळच्या आकड्यांतील फरक मांडा. नुसता सहसंबंध चांगला आला म्हणजे मोजमाप जुळले असे होत नाही.

पहिल्या बाळाच्या आधी, चरबीचे प्रमाण ठाऊक असलेल्या मिश्रणांच्या बाटल्यांचे स्कॅन करा, हे मी आग्रहाने सांगते. शेंगदाणा तेलाचा एमआर संकेत माणसाच्या चरबीच्या संकेताशी बराच मिळताजुळता असतो. मी शाहूपुरीतल्या लाकडी घाण्यावरून लिटरभर तेल आणले आणि पाणी, अगार व पायसीकारक (तेल-पाणी एकजीव ठेवणारा पदार्थ) घालून दहा, वीस, चाळीस, साठ टक्क्यांची मिश्रणे केली. एक बाटली निव्वळ तेलाची आणि एक निव्वळ पाण्याची ठेवली. चाळीस टक्क्यांच्या बाटलीला जुन्या नियमाने ‘चरबी शून्य’ ठरवले, तेव्हा मला आणखी पुरावा नको होता.

एवढे वाचून कोणी धास्तावले असेल तर सांगते, माझे स्कॅन वाया गेले नाहीत. मूळ प्रतिध्वनींच्या प्रतिमा, म्हणजे ज्यांवरून चरबीची टक्केवारी काढतात त्या कच्च्या प्रतिमा, जपून ठेवलेल्या होत्या, म्हणून एकाही बाळाला पुन्हा बोलवावे लागले नाही आणि सगळी फेरमोजणी पाच आठवड्यांत झाली. यंत्राने तयार करून दिलेली टक्केवारीची प्रतिमा तेवढी ठेवून बाकीच्या पुसल्या असत्या, तर काहीच करता आले नसते. डिस्क भरली तर नवी घ्या.

स्कॅनच्या खोलीविषयी थोडक्यात. निरोगी बाळाला संशोधनासाठी गुंगीचे औषध द्यायचे नाही. दूध पाजून, कानांत बोळे घालून, वर कानझाकणे लावून, उबदार दुपट्यात घट्ट गुंडाळले की बहुतेक बाळे झोपतात. घाई केली की जागी होतात. वाळे, बिंदल्या, करदोडा, ताईत सगळे काढायला सांगा. चांदी चुंबकाकडे ओढली जात नाही हे खरे, पण तिचे बंद कडे तापू शकते आणि भोवतालची प्रतिमा बिघडवते. सर्वांत सांभाळायचे ते लोखंड. बाळ-बाळंतिणीजवळ लोखंड ठेवण्याची रीत आपल्याकडे घरोघरी आहे, आणि एका दुपट्याच्या आतल्या घडीत मला बोटभर लांबीचा खिळा सापडला होता. तेव्हापासून घरून आणलेले दुपटे मी आत नेऊ देत नाही, आमचेच वापरते. फेरतपासणी ठरली असेल तर सासरचा पत्ताही आजच लिहून घ्या. माहेरचा पत्ता तिसऱ्या महिन्यात उपयोगाचा राहत नाही.

आणि घरच्यांना वेळ द्या. एका आजींनी नातवाला छातीशी धरत विचारले, “ताई, अंगानं भरलाय न्हवं आमचा?” मी त्यांना सांगितले की आमच्या या एका आकड्यावरून त्याचे दूध वाढवायचे किंवा कमी करायचे नाही, त्यासाठी दवाखान्यातले वजन आणि बाळाचे डॉक्टर आहेत, प्रतिमेत काही वेगळे दिसले तर रेडिऑलॉजिस्ट स्वतः कळवतील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, मग पदराच्या गाठीतून वाळे काढले आणि झोपलेल्या बाळाच्या पायांत एकेक करून पुन्हा घातले.