लेथवर वनस्पती तेलाचं कूलंट: जळगावच्या उन्हाळ्यात ते कसं टिकवायचं

लेथवर (धातूचा तुकडा फिरवून कापायचं यंत्र) कूलंट म्हणजे कापताना गारवा देणारा द्रव लागतो. खनिज तेलाच्या कूलंटनं माझ्या मनगटावर पुरळ यायचं, म्हणून तीन वर्षांपूर्वी वनस्पती तेलापासून बनवलेलं, पाण्यात मिसळणारं कूलंट घेतलं. लेथ दोनच, एमआयडीसीतला छोटा गाळा. पुरळ गेलं, पण पहिली टाकी महिन्याभरात नासली. सोमवारी शटर उघडलं की सडक्या अंड्याचा वास! चूक माझीच, बोअरचं जड पाणी घातलं होतं. आता आरओचं घालतो.

आधी टाकी रिकामी करून तळाचा गाळ खरवडून काढा. बादलीत पाणी घ्या, त्यात तेल बारीक धारेनं सोडत ढवळा. उलटं, म्हणजे तेलात पाणी, कधीच नाही. दूध फाटल्यासारखं होतं. साध्या टर्निंगला, म्हणजे लेथवर गोल कापायला, ६ ते ८ टक्के तेल पुरतं. रिफ्रॅक्टोमीटरवर (मिश्रणात तेल किती ते दाखवणारं साधन) थेंब टाकून आकडा बघा आणि डब्यावरच्या गुणकानं गुणा, नुसत्या आकड्यावर जाऊ नका.

मे महिन्यात इथं पारा ४५ च्या आसपास जातो. पाणी उडतं, तेल मागे राहतं, मिश्रण घट्ट होतं. तेव्हा भर घालताना १ ते २ टक्क्यांचं पातळ मिश्रणच घाला. स्लाइडवेचं (यंत्राचे भाग सरकतात त्या पट्ट्यांचं) तेल वर तरंगलं की रोज सकाळी काढून टाका, त्याखाली हवा पोचत नाही आणि जिवाणू माजतात. पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ८.५ च्या खाली घसरला तर समजा, वास येणारच.

टॅपिंगला, म्हणजे भोकात आटे पाडायला, मी ब्रशनं एरंडेल लावतो. काम झालं की लगेच पुसायचं भाऊ, नाहीतर चिकट थर बसतो. आणि जुनं कूलंट नाल्यात नाही, वनस्पती तेलाचं असलं तरी नाही. त्यात धातूचा चुरा असतो.