गावाच्या डिजिटल नोंदी गावाच्याच हाती ठेवायच्या तर

वनस्पती, औषधी ज्ञान, गाणी यांची ध्वनिमुद्रणे आणि छायाचित्रे बहुतेकदा बाहेरची संस्था करते. लेखी काहीच ठरले नसेल, तर संस्थेच्या पगारी माणसाने केलेल्या संकलनाचा कॉपीराइट कायद्याने (१९५७, कलम १७) संस्थेकडेच जातो. भांडण इथूनच सुरू होते. म्हणून काम सुरू होण्याआधी ग्रामसभेचा ठराव घ्या: काय नोंदवायचे, काय अजिबात नाही.

मग करार. ग्रामपंचायत कायद्याने स्वतंत्र संस्था आहे, म्हणून हक्क तिच्या नावे लिहून घ्या. 'ग्रामसभेच्या ठरावाशिवाय वापर नाही' ही अट मात्र हवीच. मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहा. न लिहिल्यास कलम १९ नुसार हस्तांतरण पाच वर्षांचे आणि भारतापुरतेच धरले जाते. मूळ फायली, प्रती आणि पासवर्ड कधी सुपूर्द होणार, तेही त्यातच येऊ द्या.

क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना, म्हणजे ठरावीक अटींवर कोणालाही वापर करू देणारी खुली परवानगी, घाईने देऊ नका, तो मागे घेता येत नाही.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा कायदा व्यक्तीला संरक्षण देतो, समूहाला नाही. वैदूचे नाव-फोटो घेताना त्याची वेगळी संमती घ्याच. सामूहिक ज्ञानासाठी वनहक्क कायदा २००६, कलम ३(१) चा आधार घ्या. त्यात जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्क मान्य आहे.

फोटो देण्याआधी त्याच्या फायलीतली जीपीएसची नोंद, म्हणजे तो कुठे काढला ते ठिकाण, काढून टाका. दुर्मीळ कंदाची जागा त्यातूनच फुटते, आणि तिथे कुठलाही करार कामी येत नाही.