ज्युनियर रग्बीतील मुलांची गळती कशी रोखावी: कोल्हापुरातील प्रशिक्षक आणि पालकांसाठी

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की रग्बीच्या सरावाला नवी मुले हौसेने येतात. कुणाला अंडाकृती चेंडूचे कुतूहल असते, कुणाचा मित्र आधीपासून येत असतो, तर कुणी कुस्ती किंवा कबड्डी खेळलेला असल्यामुळे अंगाला अंग भिडण्याचे त्याला काही वाटत नाही. दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत यांतली बरीच मुले दिसेनाशी होतात आणि नववीची परीक्षा झाल्यावर उरलेल्यांतलेही अनेक जण मैदानाकडे फिरकत नाहीत. या गळतीचे खापर मोबाईलवर फोडून आपण मोकळे होतो. माझ्या मते बहुतेक मुले खेळाला कंटाळून जात नाहीत. मोठ्या माणसांनी खेळाभोवती जो धाक, जी घाई आणि ज्या अपेक्षा उभ्या केलेल्या असतात, त्यांना कंटाळून ती जातात. हे दडपण प्रशिक्षक आणि पालकच निर्माण करत असल्यामुळे ते कमी करणेही त्यांनाच शक्य आहे.

कोल्हापुरात हा प्रश्न अधिक नाजूक आहे. येथे फुटबॉलमागे पेठा आणि तालीम संघ उभे आहेत, कुस्तीमागे वस्तादांची परंपरा आणि शाहू महाराजांनी उभारलेले खासबागचे मैदान आहे. पाटाकडील किंवा दिलबहार या तालीम संघांकडून फुटबॉल खेळणे थांबवलेला मुलगा शाहू स्टेडियमच्या गॅलरीत तरी बसतो, संघाचा झेंडा हाती घेतो आणि पुढच्या हंगामात कदाचित पुन्हा बूट चढवतो. रग्बी सोडलेल्या मुलाला मागे खेचणारी अशी पेठ नाही. म्हणून मूल जाण्याआधीच लक्ष घालावे लागते.

आधी गळतीची नोंद ठेवा

हजेरीपट प्रत्येक संघाकडे असतो, पण त्यात फक्त आलेल्यांची खूण असते. त्यात आणखी दोन रकाने वाढवा: मूल शेवटचे कोणत्या तारखेला आले आणि त्याआधीच्या आठवड्यात मैदानावर काय घडले होते. दुखापत झाली होती का, संघाची यादी लागली होती का, मोठ्या मुलांबरोबर टॅकलचा, म्हणजे चेंडू घेऊन येणाऱ्याला मिठी घालून खाली पाडण्याचा, सराव सुरू झाला होता का, चाचणी परीक्षा होती का, ऊसतोडीच्या दिवसांत घरी हाताखाली माणूस लागत होता का, हे तेथे लिहा. मूल सलग तीन सरावांना आले नाही तर आठ दिवसांच्या आत त्याच्याशी बोलणे झालेच पाहिजे. मात्र हे बोलणे प्रशिक्षकाने करू नये. सरांना खरे कारण सांगणारे मूल विरळा. सर विचारतात तेव्हा सगळ्यांचेच पोट दुखत असते. संघातला एखादा समजूतदार मोठा खेळाडू किंवा दुसऱ्या खेळाडूची आई हे काम चांगले करते. ‘का येत नाहीस?’ या प्रश्नात जाब असतो. त्याऐवजी ‘सरावात तुला काय नको वाटायला लागलंय?’ असे विचारावे.

एका हंगामाच्या नोंदी समोर ठेवल्या की मुले ठरावीक टप्प्यांवरच सुटतात, असे आढळते. टॅकल सुरू झाल्यावर, संघनिवड झाल्यावर आणि दहावीच्या उंबरठ्यावर, असे हे टप्पे बहुधा निघतात. प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे.

टॅकलची भीती: घाई करू नका

इंग्लंडमध्ये सात आणि आठ वर्षांखालील मुले फक्त टॅग रग्बी खेळतात, म्हणजे समोरच्याला पाडण्याऐवजी त्याच्या कंबरेला लावलेला पट्टा ओढतात, आणि अंगाशी अंग भिडणारा खेळ नऊ वर्षांखालील गटापासून पायरीपायरीने येतो. आपल्याकडे मूल बहुतेक वेळा अकराव्या-बाराव्या वर्षी पहिल्यांदा चेंडू हातात घेते आणि आपण त्याला दुसऱ्याच आठवड्यात टॅकल करायला उभे करतो, कारण पुढच्या महिन्यात स्पर्धा असते. वय वाढलेले असले तरी सराव शून्यच असतो. त्यामुळे कोणत्याही वयाच्या नवख्या मुलाला पहिले काही महिने टॅगच खेळू द्यावे. त्यासाठी विकतचे पट्टे लागत नाहीत. जुन्या साडीचे काठ हातभर लांबीचे कापून कंबरेच्या इलॅस्टिकमध्ये दोन्ही बाजूंना खोचले की काम भागते. काठ ओढला गेला की टॅकल झाला. एवढ्या खेळात मूल मागे पास देणे, मोकळी जागा हेरणे आणि समोरच्याला हुलकावणी देणे शिकते.

त्यानंतर टॅकलपेक्षाही आधी पडायला शिकवावे. यासाठी कोल्हापुरासारखी सोय दुसरीकडे क्वचित मिळेल. जवळच्या तालमीतल्या वस्तादांना भेटा, आठवड्यातून एकदा आखाड्यात अर्धा तास मागा आणि त्यांच्या शिस्तीप्रमाणे बूट बाहेर काढून आत जा. ताक, तेल आणि हळद घालून कसलेल्या तांबड्या मातीत पडताना मुलाचा जीव दडपत नाही. हनुवटी छातीला लावून कुशीवर पडणे आणि पडताना हात जमिनीवर न टेकणे या दोन गोष्टी तेथे पक्क्या होतात. उन्हाळ्यात आपली मैदाने दगडासारखी कडक होतात. तेव्हा उघड्या मैदानावर टॅकलचा सराव घेऊच नये.

टॅकल शिकवताना दोन्ही मुलांना गुडघ्यावर बसवून सुरुवात करावी. चेंडू असलेला मुलगा स्थिर राहील आणि दुसरा खांदा त्याच्या मांडीवर टेकवेल. डोके कधीही समोरच्याच्या पुढून येता कामा नये. ते त्याच्या पाठीमागच्या अंगाला, म्हणजे गाल त्याच्या पुठ्ठ्याला चिकटेल अशा जागी असले पाहिजे. डोळे उघडे, मान ताठ, पाठ सरळ आणि दोन्ही हातांची मिठी पक्की, हे प्रशिक्षकाने प्रत्येक मुलाजवळ गुडघे टेकून पाहावे, लांबून शिट्टी वाजवून नव्हे. हे दोन्ही खांद्यांनी जमू लागल्यावर चेंडूवाला चालत येईल, मग टॅकल करणारा उभा राहील आणि सर्वात शेवटी दोघे हळू धावतील. जोड्या लावताना इयत्ता पाहू नये. तेरा वर्षांच्या दोन मुलांत एक जण मिसरूड फुटलेला आणि दुसरा अजून पोरसवदा असू शकतो. कुस्तीत वजन पाहून जोड लावतात, तोच न्याय येथे लावावा आणि वजनाबरोबर अनुभवही पाहावा. प्रौढांच्या हौशी रग्बीतसुद्धा इंग्लंडने २०२३-२४ च्या हंगामापासून टॅकलची उंची छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत उतरवली आहे. आपल्या मुलांना कंबरेच्या वर टॅकल शिकवण्याचे काहीच कारण नाही.

मूल ‘आज नको’ म्हणाले तर त्या दिवशी त्याला चेंडू टाकायला किंवा रेषेवर पंच म्हणून उभे करावे, पण चारचौघांत ‘घाबरट’ म्हणू नये. हा एक शब्द मुलाला कायमचा घरी बसवतो, हे मी खात्रीने सांगतो.

डोक्याला मार लागल्यास

या बाबतीत तडजोड नाही. मार लागल्यानंतर मूल गोंधळलेले दिसले, तोच प्रश्न पुन्हा विचारू लागले, तोल गेला, नजर शून्यात लागली, डोके दुखते किंवा मळमळते म्हणाले, तर ते त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरणार नाही, सामना अंतिम असला तरीही. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, मानेत वेदना, आकडी, हातापायांत कमजोरी किंवा गुंगी यांपैकी काहीही दिसल्यास थेट सीपीआर हे शासकीय रुग्णालय किंवा जवळचे दुसरे मोठे रुग्णालय गाठावे; मान दुखत असेल तर त्याला उठवून बसवू नये. पहिले चोवीस तास मूल एकटे राहू नये. ब्रिटनमध्ये २०२३ साली हौशी खेळांसाठी जी मार्गदर्शक सूचना निघाली, तिच्यानुसार अशा खेळाडूने किमान २१ दिवस स्पर्धेत उतरायचे नाही आणि त्यानंतरही, आधीचे सलग १४ दिवस विश्रांतीत असताना कोणताही त्रास झालेला नसेल तरच उतरायचे. हा नियम संघाच्या प्रवेश अर्जावरच छापावा, म्हणजे उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी त्यावर घासाघीस होत नाही.

निवड आणि राखीव खेळाडू

जे मूल स्पर्धेला नेले जाते आणि पूर्ण वेळ मैदानाबाहेर बसते, ते पुढच्या वर्षी येत नाही. इंग्लंडच्या शालेय वयोगटांत प्रत्येक खेळाडूला किमान निम्मा सामना खेळवण्याचा नियम आहे. आपल्या स्पर्धांत तो नसला तरी संघाने तो स्वतःपुरता लावून घेता येतो. न्यूझीलंडसारख्या रग्बीवेड्या देशातही २०१९ मध्ये रग्बी, क्रिकेट, फुटबॉल, हॉकी आणि नेटबॉल या खेळांच्या संघटनांनी एकत्र येऊन लहान वयातील निवडीचा आणि एकाच खेळाचा हट्ट कमी करण्याचे जाहीर केले, आणि नॉर्थ हार्बर या प्रांताने तर छोट्या वयोगटांचे निवडक संघच बंद केले. मुले टिकत नाहीत, ही चिंता तेथेही होती. आपण चौदा वर्षांखालील गटात ‘अ’ आणि ‘ब’ संघ पाडण्याऐवजी ताकद सारखी वाटून दोन संघ करावेत. एखादी ट्रॉफी हातची जाईल. ती जाऊ द्यावी.

फुटबॉल किंवा कुस्ती सोडण्याची अट मुलाला कधीही घालू नये. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना एकाच खेळाची निवड पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावी, आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती द्यावी आणि वर्षातून दोन-तीन महिने मुख्य खेळातून सुट्टी द्यावी, असे सांगते. त्यासाठी तालीम संघाच्या प्रशिक्षकाला फोन करून वेळापत्रक जुळवावे, नाहीतर सकाळी तालमीत आणि संध्याकाळी रग्बीत राबलेले मूल दोन्हीकडून सुटते.

पालकांनी काय बोलावे

रेषेबाहेरून ‘अंगावर जा की लेका!’ असे ओरडणाऱ्या पालकाला वाटते की तो मुलाला बळ देतो आहे. त्या क्षणी मुलाच्या कानांत प्रशिक्षक, कर्णधार आणि वडील असे तीन आवाज एकदम पडतात आणि तिसरा सर्वात मोठा असतो. मैदानाबाहेर टाळ्यांपुरतेच थांबावे. सामन्यानंतर गाडीवरून घरी जाताना ‘किती ट्राय (रग्बीतले गोल) केलेस, का पडलास’ हा हिशेब मांडू नये. भूक लागली का आणि मजा आली का, एवढे विचारावे. सांगावेसे वाटले तर मूल स्वतःहून सांगते.

वजनाचाही एक जाच असतो. ‘रग्बी म्हणजे दांडगा देह’ अशी समजूत असल्यामुळे पंधरा वर्षांची मुले जिममधून पावडरचे डबे आणतात. शालेय आणि स्पर्धात्मक पातळीवर आपल्याकडे प्रामुख्याने सेव्हन्स खेळले जाते: पूर्ण आकाराच्या मैदानावर सात जण आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव. त्यात धावणाऱ्याला मोल आहे, पोसलेल्याला नाही. दक्षिण आफ्रिकेत अठरा वर्षांखालील मुलांच्या क्रेव्हन वीक या नामांकित स्पर्धेत शाळकरी मुलांच्या शरीरात स्टिरॉइड सापडल्याची प्रकरणे घडली आहेत. उत्तेजकविरोधी नियमांनुसार शरीरात काय सापडले याची जबाबदारी खेळाडूवरच येते, डबा देणाऱ्यावर नाही, हे पालकांच्या सभेत स्पष्ट सांगावे. आपल्या गावात दूध, अंडी, भाकरी आणि उसळ यांची टंचाई नाही.

मुलींसाठी

मुलींची गळती बहुधा खेळामुळे होत नाही. कपडे बदलायला आडोसा, वापरता येईल असे स्वच्छतागृह, गडद रंगाची चड्डी, पाळीच्या दिवसांत न विचारता मिळणारी सवलत आणि घरी परतण्याची खात्री, यांची व्यवस्था आधी करावी. वडणगे किंवा शिये येथून येणाऱ्या मुलीचा सराव केएमटीच्या, म्हणजे शहर बसच्या, वेळेनुसार संपला पाहिजे. प्रशिक्षकाला उशीर झाला तर भुर्दंड तिला पडतो. सराव सुरू असताना एक तरी स्त्री मैदानावर असावी.

दहावीचे वर्ष

येथे बहुतेक संघ हात टेकतात. दहावीतल्या मुलाला ‘सराव की अभ्यास’ असा पेच टाकला की घर अभ्यास निवडते आणि ते साहजिकच आहे. त्याऐवजी दिवाळीनंतर त्याच्यासाठी आठवड्यातून दोनच दिवस पाऊण तासाचा, टॅकलविरहित सराव ठेवावा आणि तो पालकांना लेखी कळवावा. दहावी-बारावीच्या खेळाडूंना मिळणारे क्रीडा सवलतीचे गुण आणि शासकीय नोकरीतील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण यांची माहिती द्यावी, पण आमिष म्हणून नव्हे. कोणती स्पर्धा आणि कोणते प्रमाणपत्र ग्राह्य आहे, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन नीट विचारावे आणि प्रमाणपत्रांच्या प्रती संघाकडेही ठेवाव्यात, कारण ऐन अर्जाच्या वेळी ती सापडत नाहीत.

बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये संपते. शेवटच्या पेपरनंतरच्या आठवड्यात दहावीच्या प्रत्येक मुलाला फोन जावा आणि त्याला आधी खेळाडू म्हणून नव्हे, तर छोट्या मुलांच्या टॅगच्या सामन्यांना पंच म्हणून बोलवावे. मैदानाशी सलगी पुन्हा जमली की पहिले दोन आठवडे फक्त धावणे, पास आणि मान व खांद्यांचे व्यायाम घ्यावेत. टॅकल त्यानंतर, पुन्हा गुडघ्यावर बसूनच सुरू करावा.